विद्यार्थिसाहाय्य: दान की ऋण?

नवागत विद्यार्थ्याला मिळणारे वसतिगृह वा शिष्यवृत्ती हे दान मानावे की ऋणफेड, हा प्रश्न धर्मविचाराचाही आहे. कारण ऋषिऋण, म्हणजे पूर्वसूरींच्या ज्ञानाचे देणे, अध्ययनाने फेडायचे असते, आणि ज्याला अध्ययनाची सोयच नाकारली जाते, त्याची ते फेडण्याची संधीही हिरावली जाते. माधुकरीने, म्हणजे घरोघरी मागून आणलेल्या शिजवलेल्या अन्नाने, अनेकांचे शिक्षण तारले खरे, परंतु तिचा लाभ प्रायः जातीच्या मर्यादेतच राहिला. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उभारले आणि तेथे श्रमाला शिक्षणाचे अंग मानले, तेव्हा घेणाऱ्याचा स्वाभिमान शाबूत राहिला. आजच्या महाविद्यालयातील ‘कमवा आणि शिका’ योजनेत मात्र तुटपुंज्या मानधनामुळे तोच स्वाभिमान वारंवार पणाला लागतो.