फाटकाबाहेरचा रस्ता

मुलांना किती मोकळीक द्यावी, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत निघाला की ‘आता पूर्वीचे दिवस राहिले नाहीत’ या एका वाक्यावर त्याची बोळवण केली जाते. मोबाइल, क्लास आणि आक्रसलेली मैदाने ही कारणे सर्वांना ठाऊकच आहेत. त्यांच्या उजळणीपेक्षा दोन प्रकारच्या मोकळिकींत फरक करणे अधिक उपयोगाचे ठरेल. पहिली खेळण्याची मोकळीक, म्हणजे मोठ्यांच्या नजरेच्या टप्प्यात हुंदडण्याची मुभा. दुसरी संचाराची मोकळीक, म्हणजे शाळेत, मैदानावर, वाण्याकडे किंवा मैत्रिणीच्या घरी एकट्याने जाऊन परत येण्याची मुभा. पहिली अंधेरी-बोरिवलीतील टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावरील बागेत, भरपूर मिळते. दुसरी मात्र वॉचमनच्या केबिनपाशीच संपते.

पोडियम पुरेसा मानणाऱ्यांचे म्हणणे असे, की तिथे घसरगुंडी आहे, कॅमेरे आहेत, क्रिकेटचे प्रशिक्षणही आहे, मग मुलाला बाहेर पाठवायचेच कशाला? या म्हणण्यात मुलाला दमवून आणणे हाच खेळाचा हेतू ठरतो. वीस रुपये मुठीत धरून कोथिंबीर आणायला निघालेली नऊ वर्षांची मुलगी रिक्षाचा वेग जोखते, उरलेले पैसे मोजून घेते आणि अनोळखी माणसाशी किती बोलायचे तेही ठरवते; यांतले काहीच घसरगुंडीवर शिकता येत नाही. डहाणू तालुक्यातील कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मुले जिथे असत तिथेच शाळा नेली. शिक्षण चार भिंतींत मावत नाही, ही जाण महाराष्ट्राला नवी नाही.

एवढ्यावरून पालकांवर भित्रेपणाचा ठपका ठेवावासा वाटतो. परंतु प्रत्यक्ष रस्ता पाहिल्यावर तो टिकत नाही. मुलुंड-घाटकोपरच्या एलबीएस मार्गावर पदपथ कुठे दुचाकींनी, कुठे टपऱ्यांनी अडतो, पादचाऱ्याला भर वाहतुकीत उतरावे लागते, आणि उभ्या गाड्यांमधून बाहेर पडणारे लहान मूल चालकाला दिसतही नाही. इंग्लंडमधील मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिले, की एकट्याने शाळेत जाणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९७१ मध्ये ८० टक्के होते, ते ९ टक्क्यांवर आले; या काळात रस्त्यावरील बालमृत्यू घटले, पण त्याचे कारण मुलेच रस्त्यावरून काढून घेतली गेली, हे होते. उपनगरातील आईही रोज हाच हिशेब करते, आणि तो चुकीचा नाही.

म्हणून संचाराची मोकळीक पालकांनी घरात बसून मंजूर करण्याची गोष्ट नाही, ती वस्तीने मिळून घडवायची आहे. सोसायटीच्या ज्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगवर तासन्‌तास वाद होतो, तिथेच शाळा आणि मैदानापर्यंतच्या सलग पदपथाचा ठराव करून तो महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे, बोरिवलीत आर मध्य, मुलुंडमध्ये टी, घाटकोपरमध्ये एन, पाठवला पाहिजे आणि त्याचा पाठपुरावाही केला पाहिजे. तोवर मोठा रस्ता न ओलांडता गाठता येईल अशा दुकानापर्यंत तरी प्रत्येक पालकाने मुलाला एकटे जाऊ द्यावे.