शैक्षणिक तंत्रज्ञान आणि शिक्षकाचा पदव्युत्तर अभ्यास

शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयाची पदव्युत्तर पदवी घेणारा शिक्षक संगणक, प्रोजेक्टर आणि मोबाइल अॅप ही साधने हाताळायला शिकतो, असा सार्वत्रिक समज आहे; परंतु एवढेच शिकायचे असेल, तर त्यासाठी अल्प मुदतीचे प्रशिक्षण पुरेसे असते आणि साधन बदलले की तेही कालबाह्य होते. विद्यार्थी कसा शिकतो हा या ज्ञानशाखेचा मूळ प्रश्न आहे, आणि त्याच्या अनुषंगाने साधनाची निवड, मांडणी व तपासणी करता यावी, हे तिच्या पदव्युत्तर अभ्यासाचे प्रयोजन आहे.

यंत्राकडून बाळगलेल्या अपेक्षा फार जुन्या आहेत, हे या शाखेचा इतिहास वाचताना प्रथम लक्षात येते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात बहुपर्यायी प्रश्न विचारणारे यंत्र तयार केले. बरोबर कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न समोर येऊ नये, अशी सोयही त्यात करता येत असे. पुढे १९५० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी आपले अध्यापन-यंत्र मांडले. आशयाचे लहान टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याने स्वतः उत्तर द्यावे आणि ते बरोबर की चूक हे त्याला लगेच कळावे, अशी त्यामागची विचारसरणी होती. ती यंत्रे अडगळीत गेली, तरी तत्काळ प्रत्याभरणाचे, म्हणजे उत्तराचा निकाल जागीच कळवण्याचे, तत्त्व आजच्या सराव-अॅपमध्ये टिकून आहे. भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला आणि नासाच्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत शालेय व ग्रामीण कार्यक्रम पोहोचले. ठरलेले वर्ष संपताच तो उपग्रह भारताच्या सेवेतून गेला. साधनावर आपले नियंत्रण नसेल, तर अध्यापनाचा किती भार त्याच्यावर टाकावा, हा विचार या घटनेपाशी सुरू होतो.

या अभ्यासक्रमांत आवर्जून चर्चिला जाणारा वाद १९८३ साली रिचर्ड क्लार्क यांनी उभा केला. किराणा वाहून आणणाऱ्या ट्रकमुळे खाणाऱ्याचे पोषण बदलत नाही, तसेच माध्यम केवळ आशय वाहून आणते आणि शिकणे घडते ते अध्यापनाच्या पद्धतीमुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. रॉबर्ट कोझमा यांनी १९९१ साली त्याला उत्तर देताना, काही माध्यमे विद्यार्थ्याच्या मनातील मांडणीला असे साहाय्य करतात की जे अन्य माध्यमांना साधत नाही, याकडे लक्ष वेधले. या वादाचा निकाल एका वाक्यात लावता येत नाही. मात्र त्यात शिरलेला शिक्षक एखाद्या अॅपमुळे गुण वाढले हे विधान ऐकताच, गुण अॅपमुळे वाढले की त्यानिमित्ताने झालेल्या जादा सरावामुळे, असे विचारू लागतो.

ली शुलमन यांनी १९८६ साली मांडले की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे ज्ञान यांच्या संगमातून शिक्षकाचे खास ज्ञान घडते. त्यात तंत्रज्ञानाची भर घालून पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली ‘टीपॅक’ ही चौकट विकसित केली. तिचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो. ०.४ आणि ०.३५ यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर अनेक मुले ०.३५ असे सांगतात, कारण ३५ ही संख्या ४ पेक्षा मोठी आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते आणि तोच नियम ती दशांशचिन्हाच्या उजवीकडे लावतात. अशा वर्गात दशांश अपूर्णांकांची सुबक चित्रफीत दाखवली, तर मुले ती आवडीने पाहतील आणि चुकीची समजूत जशीच्या तशी घेऊन घरी जातील. त्याऐवजी पडद्यावर ० ते १ ची संख्यारेषा देऊन दोन्ही संख्यांची जागा मुलांनाच ठरवू दिली, तिचे आधी दहा व मग शंभर भाग उलगडून दाखवले आणि ०.४ म्हणजे चाळीस शतांश हे त्यांनाच शोधू दिले, तर चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. कोणत्या चुकीवर कोणते साधन कसे वापरावे, ही जाण टीपॅकच्या केंद्रस्थानी आहे. ती विषय, मुले आणि साधन या तिघांशी रोज संबंध येणाऱ्या शिक्षकातच परिपक्व होऊ शकते.

म्हणून नोकरी सांभाळून शिकणाऱ्या शिक्षकाचा प्रबंध विशेष मोलाचा ठरतो. पाठापूर्वी व पाठानंतर चाचणी घेणे, नव्या साधनाचे अप्रूप ओसरल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणे आणि अपेक्षित निष्कर्ष न आल्यास तेही प्रामाणिकपणे नोंदवणे, ही संशोधनाची शिस्त त्याच्या रोजच्या अध्यापनात उतरते.

महाराष्ट्रात या अभ्यासाला पाया आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आयआयटी मुंबई येथे २०१० पासून या विषयात पीएच.डी.चे संशोधन चालते आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडणारे रणजितसिंह डिसले २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. कोडमुळे आशय मुलाच्या हातात येतो. तो पाहिल्यावर मुलाच्या समजुतीत काय बदलले, हे तपासण्याचे काम मात्र शिक्षकालाच करावे लागते.

या विषयाचे बहुतेक वाङ्मय इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमाच्या शिक्षकाला ते दुरावते. शासनाने अशा शिक्षकांना अध्ययन रजा सुलभपणे द्यावी, विद्यापीठांनी मराठीतून प्रबंध लिहिण्यास उत्तेजन द्यावे आणि त्यांतील निष्कर्ष केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांत सहकारी शिक्षकांसमोर मांडले जावेत. शाळेसाठी यंत्र विकत घेताना जेवढा खर्च होतो, त्याचा काही भाग शिक्षकाच्या अभ्यासावर खर्च करण्याची तयारी समाजाने दाखवली पाहिजे.