आधी गोगलगायी, मग मासा

चौल-रेवदंड्याच्या कोळ्यांना केंड नवा नाही. जाळ्यात सापडला की पोट टम्म फुगवतो आणि चोचीसारख्या दातांनी जाळं कुरतडतो. त्याच कुळातला एक चिमुकला भाऊबंद मात्र समुद्राकडे फिरकतच नाही. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांच्या संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या गोड्या पाण्यात तो राहतो. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये पंपा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. दुकानात तो ‘पी पफर’ म्हणून मिळतो. लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर.

एवढासा जीव म्हणून लोक त्याला बरणीत ठेवतात. केंडाचा भाऊ म्हणून कुणी पाण्यात मीठही घालतं. दोन्ही चूक. हा शिकारी आहे, आणि त्याची शिकार चालू ठेवणं हेच त्याला पाळणं.

त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. काचेवर गोगलगाय दिसली की तो थबकतो, अंग किंचित वाकवून नेम धरतो आणि मऊ भाग ओढून काढतो. कोरडं खाद्य समोरून खाली गेलं तरी बहुतेक वेळा बघत नाही. खाणं हललं पाहिजे. शिवाय पफरचे दात जन्मभर वाढतात. कवच फोडताना ते झिजतात. म्हणून गोगलगाय त्याला चैन नाही, गरज आहे. निमुळत्या, जाड शंखाच्या गोगलगायी मात्र टाळाव्यात. त्या त्याला फुटत नाहीत, उलट दातच मोडू शकतो.

इथे पाळणाऱ्याचं सगळं गणित उलटं होतं. एरवी मत्स्यटाकीत गोगलगाय दिसली की माणूस वैतागतो. इथे वेगळ्या बरणीत भाजीच्या पानावर ती मुद्दाम वाढवायची. चौलच्या वाड्यांत पाण्याच्या टाक्यांना पातळ कवचाच्या गोगलगायी चिकटलेल्या असतात, डासांच्या अळ्याही सापडतात. पण फवारणीचं पाणी उतरतं तिथलं काही उचलू नये. दोन-चार गोगलगायी घरी वाढवून त्यांची पिल्लं द्यावीत, ते निर्धोक.

शिकाऱ्याला हद्दही लागते. नर एकमेकांचे पर कुरतडतात. एका नरामागे दोन-तीन माद्या, दाट वनस्पती आणि नजरेआड होता येईल असे आडोसे हवेत. लांब परांचे गप्पी त्याच्यासोबत ठेवणं म्हणजे त्यांचे पर गमावणं. आणि कंटाळा आला म्हणून त्याला चौलच्या रामेश्वर मंदिराच्या पुष्करणीत सोडणं हा तर अपराध: तिथल्या पाण्याचा तो नव्हे.

निसर्गात हा मासा आज संकटग्रस्त आहे, नि पकडून विकला जाणं हे त्याचं एक कारण. टाकीत मात्र त्याची वीण होते. मादी जावा मॉससारख्या दाट पाणवनस्पतीत अंडी सोडते, ती मोठ्यांच्या तोंडून वाचवून वेगळी काढावी लागतात. दुकानदाराला सरळ विचारावं, मासा टाकीत जन्मलेला की नदीतून आणलेला? उत्तर देता येत नसेल तर दुसरं दुकान बघावं.