उंबरठा ओलांडण्याचा अपराध

चोरी झाली हें आपणांस कशावरून समजतें? वस्तु होती तेथें ती उरली नाहीं, यावरून. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेंत अप्रामाणिक हेतूनें जंगम वस्तु दुसऱ्याच्या ताब्यांतून त्याच्या संमतीवांचून हलविणें हाच चोरीचा गाभा होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही तो कायम आहे. धन्याच्या देखत बळानें नेलें तर साहस व त्याच्या परोक्ष नेलें तर स्तेय, असा भेद मनुस्मृतींत आहे. पण नेणें दोन्हींकडे आहेच. संगणकांतील पत्र मात्र परक्यानें वाचलें तरी जागच्या जागीं राहतें. मग धन्याचें गेलें काय?

हा प्रश्न इंग्लंडांत एका खटल्यानें चव्हाट्यावर आणला. ब्रिटिश टेलिकॉमची प्रेस्टेल नांवाची सेवा होती. दूरध्वनीच्या तारेवरून वर्गणीदारास घरबसल्या माहिती वाचतां येई व निरोप धाडतां येत. स्टीफन गोल्ड आणि रॉबर्ट शिफ्रीन हे दोघे दुसऱ्यांचे परवलीचे आंकडे वापरून तींत शिरले, आणि राणीचे पति प्रिन्स फिलिप यांच्या खाजगी टपालपेटीपर्यंत पोंचले. धनलोभ त्यांत नव्हता. तरीही १९८६ सालीं बनावट दस्तऐवजांविषयींच्या १९८१ च्या कायद्याखालीं ते दोषी ठरले; एकास ७५० व दुसऱ्यास ६०० पौंड दंड झाला. पण दस्तऐवज कोणता? यंत्रानें परवलीचे आंकडे क्षणभर ताडून पाहिले व लगेच पुसून टाकले. ते क्षणिक विद्युत्संकेत हाच दस्तऐवज, असा सरकारपक्षाचा अजब युक्तिवाद! अपील न्यायालयानें तो फेटाळला, व १९८८ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनेंही फेटाळला. दोघे सुटले.

आम्हांस हा निवाडा मोलाचा वाटतो. ज्याची पत्रें परक्यानें उघडलीं त्याचा अपमान खरा आहे. आपलें लिखाण कोणीं वाचावें हें ठरविण्याचा त्याचा अधिकार हिरावला गेला. परंतु निंद्य कृत्य शिक्षापात्र व्हावयाचें तर तसें आधीं कायद्यानें सांगितलें पाहिजे. न्यायाधीशानें शब्द ताणून तें साधूं नये. पार्लमेंटनें १९९० सालीं संगणक-दुरुपयोगाचा स्वतंत्र कायदा करून तें सांगितलें. परवानगी नाहीं हें ठाऊक असून शिरलांत कीं अपराध झाला. हेतु कोणी विचारीत नाहीं.

शब्द सैल ठेवले तर काय होतें, तें आपल्याकडे दिसलेंच. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें घुसलेलें कलम ६६ अ त्रासदायक मजकुरासही गुन्हा ठरवी. २०१२ सालीं मुंबईंतील बंदाविषयींच्या दोन ओळींवरून पालघरच्या दोन तरुणींस अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम रद्द केलें.

मूळ प्रश्नीं मात्र २००० सालच्या या कायद्याची आजची वाट इंग्रजी कायद्याहून निराळी आहे. विनापरवाना प्रवेश केला तर कलम ४३ प्रमाणें भरपाई. कलम ६६ खालीं तीन वर्षेंपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड होण्यास अप्रामाणिकपणा अथवा कपट लागतें. कुतूहलापायीं शिरलेला विद्यार्थी दरवडेखोराबरोबर भरडला जाऊं नये, ही दृष्टि आम्हांस पटते. पण तिची दुसरी बाजू घरांत आहे. मुलाचें पत्र बापानें फोडावें, सुनेचें सासूनें वाचावें, यांत कित्येक घरांस आजवर गैर वाटलें नाहीं. आतां पत्नीचा भ्रमणध्वनि उघडणारा पति तोच वारसा चालवितो. त्याच्या मनांत कपट नसतें, उलट प्रेम आहे असें तो शपथेवर सांगेल. अशा प्रवेशास तुरुंग बहुधा नाहीं. उरते ती भरपाई. आणि तिच्यासाठीं त्या बाईनें राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान सचिवांपुढें, निवाडा अधिकारी म्हणून, आपल्याच पतीविरुद्ध अर्ज करावयाचा!