मोजदादीतून निसटलेली पाच वर्षे

टेनिसपटूची थोरवी ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार प्रमुख स्पर्धांतील अजिंक्यपदांच्या बेरजेवरून ठरवण्याची रीत आता इतकी रुळली आहे की, या बेरजेचा अर्थ प्रत्येक काळात सारखा नव्हता याचा सहज विसर पडतो. ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हर यांच्या नावावर एकेरीची अशी 11 अजिंक्यपदे आहेत. नोव्हाक जोकोविच यांच्या 24 अजिंक्यपदांपुढे हा आकडा बेताचा वाटतो; मात्र तो ज्या व्यवस्थेत घडला ती समजून घेतल्याखेरीज त्याचे मोल कळत नाही.

1968 पर्यंत या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंना, म्हणजे खेळाचा उघड मोबदला न घेणाऱ्यांना, खुल्या होत्या. प्रवासखर्चाच्या नावाखाली त्यांनाही पैसे मिळत, परंतु रीतसर करार करून मानधन घेणाऱ्या व्यावसायिकाला मात्र विम्बल्डनचे दार बंद होई, आणि हा दांभिकपणा टेनिसने दशकानुदशके जपला. 1938 साली क्वीन्सलंडमधील रॉकहॅम्प्टन येथे जन्मलेल्या डावखुऱ्या लेव्हर यांनी 1962 मध्ये चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या, ज्याला मूळ अर्थाने ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात, आणि त्यानंतर व्यावसायिक होताच ऐन उमेदीच्या पाच वर्षांत त्यांना अशा 21 स्पर्धांना मुकावे लागले.

या अवधीत त्यांचेच देशबांधव रॉय एमर्सन यांनी आपल्या 12 पैकी 10 अजिंक्यपदे मिळवली. एमर्सन यांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण पुरुष एकेरीतील त्यांचा हा उच्चांक 2000 साली पीट सॅम्प्रस यांनी मोडेपर्यंत टिकला आणि तरीही एमर्सन यांना लेव्हर यांच्या वर कोणी जाणकाराने बसवले नाही, यातच निव्वळ बेरजेची मर्यादा दिसते.

तोच न्याय लेव्हर यांच्या 1962 च्या पराक्रमालाही लावला पाहिजे, कारण तेव्हा केन रोझवॉल आणि लू होड यांच्यासारखे मातब्बर खेळाडू व्यावसायिक असल्याने मैदानाबाहेर होते. व्यावसायिकांत दाखल झाल्यावर लेव्हर यांना सुरुवातीला या दोघांकडून सपाटून हार पत्करावी लागली. गावोगावी फिरत, कधी बंदिस्त सभागृहात कॅनव्हास अंथरून तयार केलेल्या कोर्टवर खेळत, त्याच प्रतिस्पर्ध्यांकडून शिकत त्यांनी आपला खेळ घडवला आणि 1967 पर्यंत ते व्यावसायिकांतही अव्वल ठरले. हौशी काळातील लेव्हर गुणवान होते. परिपूर्ण खेळाडू या अज्ञातवासात तयार झाला.

1968 मध्ये हौशी-व्यावसायिक भेद मिटून ‘ओपन’ युग सुरू झाले, आणि 1969 मध्ये लेव्हर यांनी पुन्हा चारही स्पर्धा जिंकल्या. त्या वर्षी विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत भारताच्या प्रेमजित लाल यांनी पहिले दोन सेट जिंकून तिसऱ्यात 3-3 अशी बरोबरी साधली होती, त्यानंतर लेव्हर यांनी सलग 15 गेम घेतले. चारपैकी तीन स्पर्धा तेव्हा हिरवळीवर होत, हे खरे. तथापि अंतिम सामन्यांत आंद्रेस हिमेनो, रोझवॉल, जॉन न्यूकम आणि टोनी रोश यांना नमवताना कोणालाही नियमाने बाहेर ठेवलेले नव्हते. म्हणून लेव्हर यांच्या दोन ग्रँड स्लॅमपैकी 1969 चा श्रेष्ठ मानावा लागतो, आणि त्यानंतर पुरुष एकेरीत एकाच वर्षात चारही अजिंक्यपदे आजवर कोणालाही मिळवता आलेली नाहीत.