लहरींवरची मिस्सा

सोलापूर-धुळे महामार्गावरच्या येरमाळ्यात चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते आणि भाविकांची रीघ शिवारात चुनखडीचे खडे वेचायला वाकते. आराध्यांची गाणी आणि संबळाचा ठेका आता मोबाइलवरून पुण्या-मुंबईतल्या खोलीतही ऐकता येतो. खडा मात्र तिथल्याच मातीतून स्वतःच्या हातानं उचलावा लागतो. धर्मातलं काय दूरवर धाडता येतं आणि कशासाठी माणसानं जागेवर जावंच लागतं? हाच प्रश्न रेडिओमुळे कॅथलिक चर्चपुढे उभा राहिला, आणि जवळपास शंभर वर्षं चर्च त्याचं उत्तर शोधतं आहे.

12 फेब्रुवारी 1931 रोजी व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. केंद्र उभारलं खुद्द मार्कोनीनं, आणि पोप अकरावे पायस लॅटिनमध्ये जगाशी बोलले. एका माणसाचा आवाज एकाच क्षणी सगळ्या खंडांत पोचला, पण त्या आवाजातून नेमकं काय पोचलं, याचा हिशेब चर्चनं बारकाईनं मांडला. नाताळ आणि ईस्टरला पोप रोमला आणि जगाला जो आशीर्वाद देतात, तो रेडिओवरून भक्तिभावानं ऐकणाऱ्यालाही लाभतो. मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेचं, तसं नाही. धडधाकट माणसानं रविवारची मिस्सा घरबसल्या रेडिओवर ऐकली, तर त्याचं कर्तव्य पुरं होत नाही. पापनिवेदनही फोनवरून चालत नाही. मिस्सेतली भाकर घ्यायला, शेजारच्याला शांतीची खूण करायला माणूस समोर असावा लागतो. आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना मात्र मिस्सेला येण्याच्या बंधनातून सूट आहे.

जगभर पसरलेलं एक मोठं कॅथलिक रेडिओ जाळं उभं राहिलं, ते याच सूट मिळालेल्या माणसांच्या आधारानं. इटलीत कोमो प्रांतातल्या एर्बा गावात आर्चेलास्को नावाचं एक धर्मग्राम (पॅरिश) आहे. तिथं 1980च्या दशकाच्या सुरुवातीला चर्चनं एक छोटं केंद्र काढलं. म्हातारी, आजारी माणसं चर्चपर्यंत येऊ शकत नव्हती. त्यांना मिस्सा आणि रोझरी घरी ऐकता यावी, एवढाच हेतू. त्याचं नाव रेडिओ मारिया. 1987 मध्ये ते धर्मग्रामापासून स्वतंत्र झालं, मग इटलीभर गेलं, आणि 1998 मध्ये देशोदेशीच्या केंद्रांची जागतिक संघटना झाली. या केंद्रांवर जाहिराती नसतात. श्रोत्यांच्या देणग्या आणि स्वयंसेवकांचं काम, यावर गाडा चालतो. एवढ्या मोठ्या पसाऱ्याचं बीज एका आजाऱ्याच्या खोलीत पडलं, हे फार मोलाचं वाटतं.

आवाज माणसाला घरात बसवतो, तसा घराबाहेरही काढतो. 22 फेब्रुवारी 1986च्या रात्री फिलिपिन्सच्या मनिलात कार्डिनल हायमे सिन यांनी कॅथलिक केंद्र रेडिओ व्हेरितासवरून लोकांना हाक दिली: राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्याविरुद्ध बंड केलेल्या सैनिकांना पाठिंबा द्या, त्यांना अन्न पोचवा. लोक एड्सा रस्त्यावर रणगाड्यांसमोर उभे राहिले. केंद्राचा प्रक्षेपक फोडला गेला, तरी निवेदन दुसरीकडून चालू राहिलं. चार दिवसांत मार्कोसना देश सोडावा लागला. आशियातल्या भाषांसाठी चालणारी व्हेरितासची लघुलहरी सेवा 2018 मध्ये बंद होऊन इंटरनेटवर गेली.

आपल्याकडे असं एफएम जाळं उभं राहू शकत नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 1995 मध्ये सांगितलं. खासगी एफएमच्या नियमांत धार्मिक संस्था परवान्याला अपात्र ठरतात. श्रद्धावंताला हे टोचेल. पण वारंवारता मोजक्याच असतात. त्या पंथोपंथी वाटायच्या ठरल्या, तर ज्याची थैली मोठी त्याचाच देव जास्त बोलेल. म्हणून हा नियम योग्यच आहे. सरकारच्या वेगळ्या धोरणानं 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचं दार उघडलं आणि उमरग्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या जहीराबादजवळ, माचनूरला 2008 मध्ये दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला. बी-बियाणं, पीकपाणी, गाणी, सगळं त्यांच्याच तोंडून.

रेडिओ नव्हता तेव्हाही मराठी ख्रिस्ती माणूस कानानंच शिकत होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, आणि ते मोठ्यानं म्हणण्यासाठीच होतं. कथा बेथलेहेमची, चाल मात्र इथल्या पुराणांची. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकानं पुढं छापील शब्दातून हेच काम केलं. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये येरमाळ्याच्याच जिल्ह्यात आले. तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. निवडीला विरोध झाला होता, तब्येत साथ देत नव्हती, तरी ते आले. एका कॅथलिक धर्मगुरूचा आवाज मराठवाड्यात एवढा मोठा ऐकू आला, तो कुठल्याही प्रक्षेपकाविना. मराठीतली आयुष्यभराची ऊठबस त्यामागे होती. 25 जुलै 2024 रोजी ते गेले.

इंटरनेटवर आज परवान्याची अडचण नाही. मराठी कॅथलिकांनी उद्या आपलं केंद्र काढलंच, तर आर्चेलास्कोचा पहिला हेतू सोडू नये: अंथरुणावरच्या माणसासाठी मिस्सा, बाकीच्यांसाठी मिस्सेला येण्याची हाक. आणि दिवसातला एखादा तास शेजाऱ्याला द्यावा. त्यात येडेश्वरीची आराधी गाणीही असावीत.