गाणं दुसऱ्याचं, वेळ वाहिनीची

१ जुलै २०१२ रोजी चॅनेल व्हीने गाणी दाखवणं थांबवलं आणि त्यांच्या जागी तरुणांसाठीच्या मालिका आणल्या. तेव्हा अनेकांनी हळहळत एकच निदान केलं होतं, की नव्या पिढीला गाण्यांत रस उरला नाही, तिला भांडणं आणि प्रेमप्रकरणं पाहायची आहेत. हे निदान मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर ते साफ चुकीचं वाटतं. त्याच काळात गाण्यांनी भरलेली मेमरी कार्डं या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये फिरत होती. ऐकणारे कुठेही गेले नव्हते. वाहिन्यांचा हिशेब मात्र बदलला होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय आपल्या मराठी गाण्यांच्या वाहिन्यांबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली. व्हिडिओ तयार करण्याचा खर्च रेकॉर्ड कंपन्यांचा. त्यांना तो आपल्या गाण्याची जाहिरात म्हणून दाखवायला हवा होता, त्यामुळे वाहिनीला चोवीस तासांचा कार्यक्रम जवळजवळ फुकट मिळाला. पण जे फुकट मिळतं ते शेजाऱ्यालाही मिळतं. तोच व्हिडिओ दुसरी वाहिनीही दाखवू शकत होती, आणि शिवाय गाणं तीन-चार मिनिटांत संपतं. नावडतं गाणं लागलं की प्रेक्षक उठून जातो. प्रेक्षकाला अर्धा तास बसवून ठेवेल असं काहीतरी जाहिरातदारांना हवं होतं. १९९२ साली एमटीव्हीने ‘द रिअल वर्ल्ड’ आणलं. अनोळखी तरुणांना एका घरात ठेवायचं आणि कॅमेरे चालू ठेवायचे, एवढीच कल्पना. पण हा कार्यक्रम वाहिनीच्या स्वतःच्या मालकीचा होता. पुढची वाट तिथेच ठरली. २०१० साली बोधचिन्हाखालचे ‘म्युझिक टेलिव्हिजन’ हे शब्दही काढून टाकले गेले.

आपल्याकडेही हीच गोष्ट घडली. १९९१ साली एमटीव्ही स्टारच्या साथीने आली, १९९४ मध्ये दोघांचं फाटलं, स्टारने चॅनेल व्ही काढलं आणि १९९६ मध्ये एमटीव्ही पुन्हा स्वतंत्रपणे भारतात उतरली. इंग्रजी गाण्यांवर इथे भागत नाही हे दोघींच्याही लवकरच लक्षात आलं आणि त्या हिंदी चित्रपटसंगीताकडे वळल्या. मात्र त्या दोन टोकांच्या मध्ये काही वर्षं एक जागा रिकामी होती आणि त्या जागेने आपल्याला बरंच काही दिलं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’, १९९६ मध्ये लकी अली, त्याच सुमारास हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे ‘कलोनियल कझिन्स’, मग युफोरिया आणि सिल्क रूट. चित्रपटात नसलेल्या हिंदी गाण्याला चेहरा मिळाला, गावोगावी ओळख मिळाली. पण ही गाणी दाखवली तरी ती होती कंपन्यांची. कंपन्यांनी हात आखडता घेताच ती आटली आणि एमटीव्हीकडे स्वतःचा म्हणून उरला तो २००३ साली सुरू झालेला ‘रोडीज’ हा रिअॅलिटी शो.

पुढे एमटीव्हीवर गाणं परतलं, तेही याच नियमाने. २०११ साली आलेले ‘कोक स्टुडिओ’ आणि ‘अनप्लग्ड’, २०१९ साली आलेली रॅपची स्पर्धा ‘हसल’ हे सगळे वाहिनीने किंवा प्रायोजकाने स्वतः घडवलेले, स्वतःच्या मालकीचे कार्यक्रम. नुसती आयती गाणी लावून जगू पाहणाऱ्यांचं काय झालं, हे चॅनेल व्हीनेच दाखवलं. २०१६ मध्ये ते पुन्हा गाण्यांकडे वळलं. त्याच वर्षी जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हवं ते गाणं हवं तेव्हा प्रत्येकाच्या खिशात येऊन बसलं. २०१८ मध्ये वाहिनी बंद पडली.

आमच्या भागातल्या सलूनमध्ये आरशाच्या वर, कोपऱ्यात टीव्ही असतो. आवाज बेताचा. गाणं सुरू झालं की खाली पट्टी येते: गाणं, चित्रपट, गायक, कंपनी. गीतकाराचं नाव बऱ्याचदा नसतंच, आणि हे मला फार खुपतं. जाहिरात लागली की कारागीर वर न बघता रिमोटचं बटण दाबतो. पुढच्या वाहिनीवरही गाणंच असतं, कधी कधी तेच गाणं. आपण कोणती वाहिनी पाहतोय हे त्या दुकानात कोणालाही सांगता येणार नाही. गाण्यांच्या वाहिनीची आजची अवस्था मला यापेक्षा नेमकी कुठे दिसलेली नाही.

२०११ साली ९एक्स झकास ही मराठी गाण्यांची वाहिनी सुरू झाली, नंतर आणखी आल्या. आपल्या भाषेतली गाणी दिवसभर पडद्यावर दिसणं ही साधी गोष्ट नव्हती, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्यांनीही बहुतांश चित्रपटगीतांवरच भिस्त ठेवली. चित्रपटाबाहेरचं मराठी गाणं या काळात मेलं होतं का? अजिबात नाही. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं ‘आयुष्यावर बोलू काही’ नाट्यगृहं भरत होतं. कोळीगीतं, भीमगीतं यूट्यूबवर ढिगाने येत होती. २०२४ मध्ये ‘तांबडी चामडी’ हे गाणं मोबाइलवरून परदेशात पोचलं. यांतल्या एकालाही मोठं होण्यासाठी वाहिनीची गरज लागली नाही, आणि वाहिनीच्या दृष्टीने याहून चिंतेची बाब दुसरी नाही.

प्रसारकाने गाणं स्वतः घडवणं ही मराठीत काही नवी कल्पना नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने दर आठवड्याला एक नवं गाणं प्रसारित केलं. केंद्रावरच्या सीताकांत लाड यांनी तो घाट घातला, गदिमांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या. वर्षाहून थोड्या अधिक काळात ५६ गाणी झाली. दर आठवड्याला कवीने लिहायचं, संगीतकाराने चाल बांधायची, वादकांनी बसवायचं आणि ठरल्या वेळी ते हवेत जायचं, या शिस्तीतून ‘गीतरामायण’ उभं राहिलं. ते कुठल्या कंपनीने आणून दिलेलं नव्हतं.

आयती गाणी लावण्याचा धंदा यूट्यूब कोणत्याही वाहिनीपेक्षा चांगला करतं. त्या शर्यतीत मराठी वाहिन्या हरणारच. म्हणून माझी विनंती आधी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीला आहे. त्यांच्याकडे स्टुडिओ आहेत, जुन्या कार्यक्रमांचं भांडार आहे आणि खासगी वाहिन्यांसारखी टीआरपीची टांगती तलवार नाही. त्यांनी आठवड्याला एक नवं मराठी गाणं घडवावं. आज लिहिणाऱ्या कवीचं, आज चाली बांधणाऱ्या संगीतकाराचं, मग ते भावगीत असो, शाहिरी असो की रॅप. ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी दाखवावं आणि पट्टीवर गीतकाराचं नाव सगळ्यांत आधी टाकावं. खासगी वाहिन्यांनीही निदान महिन्याला एक तरी करून पाहावं.